अर्धलीने दिलेल्या मेंढ्या

कातर परत मागणारी तक्रार माझ्या सगळ्या नोकरीत एकदाच आली, म्हणून तो दिवस मी विसरलेले नाही. दुष्काळाचे दुसरे वर्ष होते. बीडजवळच्या एका ठाण्यात मी नवीन फौजदार होते. शाळा इंग्रजी माध्यमाची, स्वभाव अबोल. त्यामुळे मी बहुतेक वेळ ऐकतच असे.

पाली गावाकडचा एक मेंढपाळ ठाणे अंमलदारासमोर उभा होता. सहलीच्या व्हिसावर आखातात निघाला असताना मुंबईच्या विमानतळावर त्याच्या थैलीतली लोकर कातरायची कातर काढून घेतली आणि त्यालाही परत पाठवले होते. ती कातर त्याला हवी होती.

"सहलीला कातर कशाला नेलती रं?" हवालदार हसले. "उंट भादरायला?"

"सहल कशाची, दादा? शेळ्यांच्या गोठ्यावर काम हाय तिकडं. धाकटा भाऊ आदीच गेलाय माझा."

हसणे थांबले. मी त्याला बसवले. धाकटा आखाती देशात महिनाभराच्या पर्यटक व्हिसावर गेला होता आणि रोजंदारीवर राबत होता. पासपोर्ट गोठ्याच्या मालकाने ठेवून घेतला होता. व्हिसा संपायला नऊ दिवस उरले होते. त्यानंतर पकडला गेला तर तुरुंग.

पाठवणारा माणूस गावच्या मेंढपाळ सहकारी संस्थेचा सचिव. संस्थेच्या पत्रावर त्याने 'अभ्यास दौरा' लिहून दिले होते. चौकशीत तो निवांत होता आणि उत्तरे माझ्याऐवजी हवालदारांकडे बघून देत होता.

"दौऱ्याला गेले ते. परतीची तिकिटं काढून दिलीत. तिकडं कुणी काम धरलं तर माझा काय दोष?"

कागद चोख होते. मी मेंढपाळाला पुन्हा बोलावले आणि एकच विचारले, "भावाच्या मेंढ्या कोण राखतंय?"

"मावसभाऊ. अर्धलीनं दिल्यात."

हा शब्द मला नवा होता. हवालदारांनी समजावले. मेंढ्या दुसऱ्याने सांभाळायच्या, होतील ती कोकरे निम्मी निम्मी, आणि वर्षभर मालकाने मेंढ्या परत मागायच्या नाहीत. "म्याडम, महिनाभरासाठी गेलेला माणूस अर्धल करीत न्हाई. शेजाऱ्याला सांगून जातो."

अर्धल तोंडीच ठरते. पण सचिवाला सगळे कागदावर घ्यायची सवय. मावसभावाच्या पेटीत स्टॅम्पपेपर निघाला: 'मालक कामानिमित्त परदेशी राहणार असल्याने, एक वर्षासाठी.' अक्षर सचिवाचे, साक्षीदार म्हणून सहीही त्याचीच. पंचनामा करून तो जप्त केला.

कागद समोर ठेवल्यावर सचिव पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला.

"म्याडम, दुष्काळात लोकांचं भलंच केलं."

"मग गोठ्याचा पत्ता सांगा."

त्याने सांगितला. फसवणूक आणि विनापरवाना परदेशी कामाला पाठवणे, असा गुन्हा नोंदवला. वरिष्ठांमार्फत वकिलातीला निरोप गेला. गोठ्याच्या मालकाने पासपोर्ट सोडला आणि आठव्या दिवशी धाकटा मुंबईत उतरला.

जबाबात तो म्हणाला, "काम जड नव्हतं, बाईसाहेब. पर गाडी दिसली की गवताच्या गठ्ठ्यामागं लपायचं. शेळ्या माझ्याकडंच बघत ऱ्हायच्या."

पुढे बेपत्ता माणसाच्या प्रत्येक तपासात मी आधी विचारले, मागे काय ठेवले आणि कोणाकडे. पोलिसांना द्यायचे उत्तर लोक ठरवून येतात. घरची सोय मात्र ते खरी गरज बघूनच करतात.

कातरीसाठी विमानतळाला दोन पत्रे लिहिली, उत्तर आले नाही. काही महिन्यांनी बिंदुसरा धरणाच्या कोरड्या पात्रात धाकटा दिसला. स्वतःच्याच मेंढ्या मावसभावाचा गडी म्हणून चारत होता.

"परत घेतल्या नाहीस?" मी विचारले.

"वर्ष भरायचं हाय अजून," तो म्हणाला. "शब्द दिलाय."