लॉक नवं की जुनं

आमचे धाकटे दीर एका जागी बसलेले मी आयुष्यात दोनदाच पाहिले. त्यातल्या एका वेळी त्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता, म्हणजे ती वेळ धरायची नाही. दुसरी सांगावी म्हणून हे लिहायला घेतलं.

मी या घरात आले तेव्हा भाऊजी नऊ वर्षांचे होते. नवी सून म्हणून मला त्या एवढ्याशा पोराला अहो-जाहो करायला लावलं, आणि त्यांनी मला पहिल्या दिवसापासून 'वहिनी, तू' केलं. पन्नास वर्षं होत आली, दोघांचीही सवय मोडली नाही. घरात त्यांना भिंगरी म्हणत. जेवताना एक घास ओट्यापाशी, दुसरा दारात. मास्तरांनी त्यांना बाकावर बसवायचा नाद सोडला आणि हजेरीचा कागद वर्गावर्गांतून फिरवायला दिला. पुढे लग्नासाठी मुलगी बघायला गेलो, तर मुलीच्या बापाशी बोलता बोलता हे उठले आणि त्यांच्या अंगणातला बंद पंप सुरू करून आले. मुलगी बघायची राहिलीच. पंप अजून चालतो म्हणतात.

शांत व्हायचे ते फक्त गाडीखाली. घराला लागून त्यांची पत्र्याची शेड आहे. मी दारात तांदूळ निवडत बसले की मला गाडीखालून त्यांचे दोन पाय दिसायचे. तेही हलत असायचे, पण हात मात्र घड्याळजीचे.

त्यांचा हातखंडा जॉइंटच्या कामात. इंजिनाची ताकद पुढच्या चाकाला नेणारा दांडा असतो, त्याला एक्सल म्हणतात. चाक वळलं तरी दांडा फिरत राहावा म्हणून त्याच्या टोकाला आपल्या खांद्यासारखा सांधा असतो, तो जॉइंट. त्यावर रबराचा बूट. बूट फाटला की आत माती जाते आणि मग गाडी वळणावर कटकट करायला लागते, म्हाताऱ्या गुडघ्यासारखी.

नर्सबाईंची गाडी अशीच कटकट करत आली. या बाई घाटावरच्या वाड्या-वस्त्यांमध्ये बाळंतपणं करतात, अवघड असलं तर आपल्याच गाडीत घालून खाली दवाखान्यात आणतात. भाऊजींनी सकाळी काम काढलं. चाक उतरवलं, एक्सल बाहेर ओढला, हातोडीने जुना जॉइंट पाडला. निघेल तो प्रत्येक भाग जुन्या चादरीवर ओळीने मांडायचा, ही त्यांची पद्धत. जॉइंट दांड्यावरून निसटू नये म्हणून दांड्याच्या खाचेत बारीक तारेची एक रिंग बसते. तिला हे लोक लॉक म्हणतात. जुनं लॉक काढायचं, बूट चढवायचा, नवं लॉक घालायचं, मग जॉइंट ठोकायचा. आत लॉक बसलं की खट् असा आवाज येतो. त्यानंतर दोन्ही हातांनी ओढून बघायचं. जुनं लॉक भिंतीवरच्या खिळ्याला.

नेमका मी चहाला आवाज दिला आणि नेमका तेव्हाच बाईंना फोन आला. शेवटच्या वाडीत एकीच्या कळा सुरू झाल्या होत्या.

"किती वेळ?" बाईंनी विचारलं.

"झालंच," भाऊजी म्हणाले. उभ्या उभ्या चहा ओतला घशात आणि पुन्हा खाली गेले. अर्ध्या तासात गाडी गेलीसुद्धा. वळणावर आवाज नाही, काही नाही. मला बरं वाटलं.

मग त्यांनी चादर आवरायला घेतली आणि थांबले.

"वहिनी, तुझे डोळे कसे आहेत?"

"तुमच्यापेक्षा बरे. का?"

"हे लॉक बघ. नवं की जुनं?"

मी फडक्याने ग्रीस पुसलं, उजेडात फिरवून पाहिलं. जुनं लॉक एका कडेने घासून चकाकतं. हे सगळीकडून काळं होतं.

"नवं."

"नीट बघ."

"तांदळातला खडा दिसतो मला, भाऊजी. नवं आहे."

ते खिळ्याकडे गेले, परत आले. चुंबकाला दोरी बांधून सगळी जमीन फिरवली. खिळे निघाले, वायसर निघाले, माझी हरवलेली सुई निघाली. जुनं लॉक नाही.

"एक तर जुनंच आत राहिलं," ते म्हणाले, "नाहीतर आत लॉकच नाही."

"खट् वाजलं होतं ना?"

"वाजलं होतं. पण आजचं की कालच्या गाडीचं, कसं सांगू?"

"ओढून बघितलं होतंत?"

"हात ओढतात गं आपोआप. हातांना विचार."

फोन लावला, लागेना. घाटात तो कधीच लागत नाही. शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा सुरू झाल्या. पान्हा उचलायचा, ठेवायचा, तोच परत उचलायचा.

"काय होईल हो?" मी विचारलं.

"सपाटीवर काही नाही. पण दर वळणाला केस केस सरकत जातं. मग एखाद्या चढावर जोर आला की निसटलं. इंजिन ओरडत राहणार आणि गाडी जागची हलणार नाही."

"ब्रेक?"

"ब्रेक लागतील. दरीत नाही जाणार कोणी. पण घाटात गाडी उभी आणि मागच्या सीटवर ती बाई. फोनही नाही."

एवढं बोलून त्यांनी स्कूटर काढली. दोर घेतला, चाकाखाली लावायचे दोन लाकडी ठोकळे घेतले. मी मागे बसले.

"तू कशाला?"

"ठोकळे कोण धरणार?"

आमच्या ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं. "ढकलायला गेलात तर संध्याकाळी सांगा, मी तेल लावून देईन." आणि परत पेपरात गेले.

घाट चढताना प्रत्येक वळणावर वाटायचं, आता दिसणार रस्त्याच्या कडेला. भाऊजी कधी डावीकडून डोकावत, कधी उजवीकडून. "मला पाडाल," मी दोनदा म्हटलं. ऐकलं तर शपथ. चौदाव्या की पंधराव्या वळणावर गाडी समोरून आली, खाली येत होती. मागच्या सीटवर बाई होती, तिची आई होती, आणि ओरडणं काचेबाहेर येत होतं. भाऊजींनी हात आडवा केला.

"बाई, माझ्याकडून एक लॉक राहिलंय बहुधा. दहा मिनिटं द्या, बघतो."

नर्सबाईंनी इंजिन बंद केलं नाही. "बहुधा?"

"बहुधा."

"पोटातल्याला सांगा दहा मिनिटं थांबायला," त्या म्हणाल्या. "मागे राहा माझ्या."

"हळू चला. झटका देऊ नका. पुलाच्या आधी चढ आहे तिथे पहिला गिअर."

बाई निघाल्या, आम्ही मागे. भाऊजींचं लक्ष त्या एका चाकावर. मागच्या सीटवरची बाई ओरडली की यांची मान हलायची, जणू तिला उत्तर देत होते. मी ठोकळे छातीशी धरून बसले होते. गाडी थांबली तर मी उडी मारून चाकाखाली ठोकळा घालायचा, असं ठरलं होतं. सत्तरीत उडी. ठरवताना दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

पुलाआधीचा चढ आला. इंजिनाचा आवाज चढला, गाडी मंद झाली, आणखी मंद झाली. भाऊजी स्कूटरवर जवळजवळ उभेच राहिले. मी एक पाय खाली सोडला. मग गाडीची मागची काच वर वर गेली आणि चढापलीकडे उतरली. मी पाय वर घेतला.

दवाखान्याच्या फाटकातून त्या बाईला आत नेलं. नर्सबाईंनी किल्ली भाऊजींच्या हातात टाकली आणि वळूनही न बघता गेल्या. भाऊजींनी स्टिअरिंग पूर्ण वळवलं, रस्त्यावर आडवे झाले, बुटाची पट्टी कापली आणि रबर मागे सारलं. दोन्ही हातांनी दांडा धरून त्यांनी ओढलेला मला नुसता आवाजावरून कळला. एकदा. परत एकदा. मग काही नाही.

त्यांचे पाय हलत नव्हते. पन्नास वर्षांत मी ते पाय गाडीखाली कधी थांबलेले पाहिले नव्हते.

"भाऊजी?"

"आहे."

"काय आहे?"

"लॉक. जुनंच आहे, पण आहे. काढायचंच राहिलं होतं माझं. तू चहाला हाक मारलीस ना, तेव्हा."

"म्हणजे माझा चहा वाईट."

"चहा बरा होता. डोळे वाईट." आणि बाहेर येऊन कडेच्या दगडावर बसले. खरंच बसले. हात मांडीवर, पाय जमिनीवर. लोक जात होते, येत होते, एकाने गाडी बाजूला घ्या म्हणून हटकलं, तरी उठले नाहीत. बऱ्याच वेळाने नर्सबाई दारात आल्या.

"मुलगी," त्या म्हणाल्या. "गाडीचं काय?"

"उद्या सकाळी आणा. पुन्हा खोलतो."

"आता नीट चालते ना?"

"चालते. पण आणा."

दुसऱ्या दिवशी जॉइंट परत पाडला, जुनं लॉक काढून खिळ्याला लावलं, नवं घातलं. दोन्ही हातांनी ओढून झालं तशी मला हाक मारली आणि माझ्यासमोर परत ओढून दाखवलं.

चष्मा काही केला नाही. चष्मा बनवायचा तर त्या दुकानात खुर्चीवर बसावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून जॉइंटचं काम असलं की ते दोन्ही लॉक तळहातावर घेऊन माझ्या दारात येतात. "वहिनी, नवं कुठलं?" मला एका नजरेत कळतं. पण मी फडकं शोधते, ग्रीस पुसते, उजेडाकडे धरते, परत पुसते. तेवढा वेळ ते एका जागी उभे राहतात.