शिवेवरचा गाडा

ती घटना आजही आठवली की आधी अंगात कणकण भरते, मग माणसं दिसू लागतात. त्या तपासात मीच तापाने फणफणलो होतो, त्यामुळे त्यातलं काही डोळ्यांनी पाहिलं आणि काही बहुधा तापाने दाखवलं.

सत्तावन्न साल. आमचा जिल्हा तेव्हा पश्चिम खानदेश, मी अक्कलकुव्याला फौजदार. ठाण्यात वर्तमानपत्र शिळं होऊन यायचं. त्यातली फ्ल्यूची बातमी मी हवालदाराला रोज वाचून दाखवी. हाँगकाँग झालं, सिंगापूर झालं, बोटीतून मद्रासला उतरला, मुंबईत आला. हवालदार तापीकाठचा, बोलायला फटकळ. म्हणायचा, "येऊ द्या साहेब, नकाशामा आपलं गाव शेच कोठे?"

आणि एका सकाळी डोंगरातल्या एका पाड्याचा पोलीस पाटील ठाण्यात येऊन उकिडवा बसला. पाड्यात ताप पसरला होता. एका घरातली लहान मुलगी गेली. तिच्या बापाने आपल्याच विधवा भावजयीकडे बोट दाखवलं होतं, ही डाकीण आहे. बाई नुकतीच माहेराहून आली होती, आणि ती आल्यावर ताप आला, हा पुरावा. आठवडी बाजार उलटला की पंच बसणार होते. डाकीण ठरलेल्या बाईचं पुढे काय होतं, ते मला कोणी सांगायची गरज नव्हती.

जाता जाता पाटील दारात थांबला. "साहेब, ती यायच्या आधी शिवेवर काहीतरी आलं होतं. त्याचं नाव आम्ही घेत नाही." एवढंच बोलून तो निघून गेला.

मला कळलं. रोग आला की लहानसा लाकडी गाडा करायचा, त्यात मरीमायला बसवायचं आणि मुकाट्याने शेजारच्या शिवेवर सोडायचा. शेजाऱ्याने तो तसाच पुढे ढकलायचा. पण त्याबद्दल बोलायचं नाही. जो बोलेल, त्याच्या दारात गाडा परत येतो. आता आली का पंचाईत! बाई निर्दोष आहे हे साऱ्या पाड्याला ठाऊक असायला हवं होतं, आणि सांगायची सोय कोणालाच नव्हती.

हवालदाराला मी बाईच्या माहेरी पाठवलं, तिथे ताप आहे का पाहायला. ते गाव वर, डोंगराच्या पार दुसऱ्या अंगाला. तो कुरकुरला, "तुमले ताप भरेल शे साहेब, आज ऱ्हाऊ द्या." मी त्याला गप्प केलं आणि पाड्यावर गेलो. एकेकाला बोलावून विचारलं. गाडा आला होता? नाही. पाहिला? नाही. कोणी सोडला? सगळे जमिनीकडे पाहत. पट्टीचे दरोडेखोर मी बोलते केले होते, पण इथे दरडावून उपयोग नव्हता. ही माणसं लबाड नव्हती, घाबरली होती.

बाई कुडाच्या भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती.

मग मी पंचांना म्हणालो, "कोणी तोंड उघडू नका. ते जिथून आलं, तिकडे नुसते चाला. मी मागून येतो."

शेवटी सगळ्यात म्हातारा पंच उठला.

ते चालणं मी विसरणार नाही. पुढे म्हातारा, मागे पंच, पाटील, मुलीचा बाप, सर्वांत मागे ती बाई. खडकांवर आमचुरासाठी कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या. तापाच्या भरात मला ते बगळे वाटले, आणि ते उडू नयेत म्हणून मी जपून पाऊल टाकत होतो. शीव आली की म्हातारा थांबे. तिथल्या गावचा माणूस येई, सगळ्यांकडे पाही, काही न विचारता पुढे होई. एका शिवेनंतर दुसरी, मग तिसरी. कोणी एक शब्द बोललं नाही. आवाज फक्त खोकल्याचा, आणि तो खालच्या गावांत वाढत चालला होता.

वाट संपली ती अक्कलकुव्याच्या मोटाररस्त्यावर. तिथे हॉटेलाबाहेरच्या खाटांवर ट्रकवाले कण्हत पडले होते. आम्हाला घेऊन आलेल्या शेवटच्या माणसाने रस्त्याकडे हात केला, गुजरातच्या दिशेने. मला तो रस्ता पुढेही दिसू लागला. सुरत, मुंबई, मद्रास, मग समुद्र, सिंगापूर, हाँगकाँग, आणि प्रत्येक शिवेवर एक मुका माणूस हात करून उभा.

तिथेच हवालदार भेटला, बाईच्या माहेराहून परतलेला, धुळीने माखलेला. "साहेब, तठे कोन्हलेच ताप नही. मन्हा पाय मोडी ग्यात!"

पंच रस्त्याकडेला बसले. मुलीचा बाप खाटांवरच्या माणसांकडे पाहत राहिला आणि एकदम हुंदके देऊन रडू लागला. म्हातारा उठला, बाईपुढे गेला आणि ओंजळ धरली. तिने हॉटेलातल्या लोट्यातलं पाणी ओतलं. सगळ्यांदेखत तो ते प्याला. डाकिणीच्या हातचं पाणी कोणी पीत नसतं. झाला निकाल. मी स्टेशन डायरीत लिहिलं, "तक्रार नाही. शांतता आहे."

गुन्ह्याचा माग काढत गेलं की शेवटी गुन्हेगार सापडतो, हे मी खात्यात शिकलो होतो. इथे मागावर सापडली ती नुसती माणसं, आपलं गाव वाचावं म्हणून संकट शेजाऱ्याकडे ढकलणारी. त्यांतल्या कोणाला बेडी घालणार?

निघताना बाईने आपल्या बोलीत, पाटलाकरवी विचारलं, हा ताप कुठून आला? मी सांगितलं, समुद्रापलीकडून, गावोगाव करत. तिने ते नीट ऐकून घेतलं. मग काही बोलली. पाटील म्हणाला, "ती विचारते, तिथल्या पहिल्या गावात जिच्याकडे बोट दाखवलं असेल, तिच्यासाठी कोणी चाललं का?"