पहाडीवर काही नाही

दोन-तीन रिकामी माणसं एका पहाडीच्या मागे लागली ना, की किस्से शोधावे लागत नाहीत. मोहफुलांसारखे असतात ते. सकाळी जावं, खाली पडलेलेच! त्यातला सगळ्यात मोठा सडा माझ्याच मूर्खपणाचा आहे, तेव्हा तो आधी सांगून टाकते. दुसऱ्या कोणी सांगितला की जास्त लागतो.

आमच्या गावाला लागून नगर परिषदेच्या मालकीची पहाडी आहे. गुरं, सरपणाच्या बाया आणि लपून पत्ते कुटणारे, एवढेच तिथे जायचे. डॉक्टरांनी माझी शुगर पाहून "चाला" म्हटलं, म्हणून मी एक दिवस चालत चालत वर गेले. घरी आले तर नवऱ्याने विचारलं, "काय दिसलं?"

"अहो, सगळं!"

"सगळं म्हणजे?"

मला पुढे बोलताच येईना. एका ब्लाउजपीसवर अर्धा तास बोलणारी बाई मी!

तिथून हे खूळ सुरू झालं. बांधकामाचे ठेके घेणारे हेमराजभाऊ, पायथ्याशी चहा-पोह्यांची टपरी चालवणाऱ्या शोभावहिनी आणि मी. नगर परिषदेने परवानगी दिली, की पायवाट नीट करा, बाक बसवा, येणाऱ्यांसाठी खुणा करा.

खुणांचा रंग कोणी निवडायचा? माझं मॅचिंग सेंटर आहे, म्हणजे रंगातलं मलाच कळणार! हिरवा झाडीत दिसणार नाही, पिवळा पाचोळ्यात हरवणार. म्हटलं, लांबून उठून दिसेल असा झकास शेंदरी घ्या. वाटेवरचे गोल गोल दगड निवडून मी स्वतः रंगवले. अख्खेच्या अख्खे!

आठवडाभरात पहिल्या दगडापुढे नारळ फुटला. मग दुसऱ्याला जास्वंदीचा हार. वाट जिथे फुटते, तिथे मी डावी-उजवीकडे दोन दगड रंगवले होते. तिथे तर अगरबत्त्यांचा धूरच धूर!

हेमराजभाऊ डोक्याला हात लावून आले. "ताई, लोक मले विचारून राहिले, दोघांत मोठा कोणता?"

पण खरी गंमत पुढे आहे. "येथे थुंकू नये" ही पाटी तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पिचकाऱ्यांनी लाल झाली होती, अक्षरं वाचता येत नव्हती. आणि दगडांपाशी? एक थेंब नाही! मोठमोठे खर्रेवाले खालीच तोंड धुऊन, चपला हातात घेऊन चढू लागले. मी पुन्हा तो रंगाचा डबा उघडला नाही. जे झालं ते माझ्या आवाक्याबाहेरचं होतं.

* * *

बाकांचं काम हेमराजभाऊंनी अंगावर घेतलं. वर गाडी जात नाही, तरी माणसं लावून सगळे बाक चढवले, सिमेंटमध्ये पक्के केले. आम्ही पाहायला गेलो तर सगळ्या बाकांची पाठ दरीकडे आणि तोंड वाटेकडे!

"भाऊ, हे उलटे काहून बसवले?"

"उलटे कुठं? बाकावर माणूस कायले बसते? येणारे-जाणारे पाहाले! बसस्टँडवर काय भिंतीकडे तोंड करून बसता का तुम्ही?"

खरंच होतं. आमच्याकडे ओट्यावर बसायचं ते रस्त्याकडे तोंड करूनच. तीच सवय पहाडीवर चढली होती.

मग एका सकाळी धुकं होतं. शोभावहिनींनी वर चहा आणला होता. हेमराजभाऊ बाकावर बसून उधारीवाल्या गिऱ्हाइकाला फोनवर झापत होते. पाठीमागे धुकं हळूहळू उठायला लागलं. आधी एक तलाव दिसला. मग त्याच्या मागची बोडी, म्हणजे लहान तळं, मग तिच्या मागचा तलाव. धान निसवून लोंब्या आल्या होत्या, भातशेताच्या बांध्याच बांध्या, आणि सगळ्यांवर ऊन असं सरकत आलं, की जणू कोणी झाकण काढून राहिलं आहे.

"भाऊ, मागे पाहा," मी म्हटलं.

ते वळले. वळलेच राहिले. मग बाकाच्या पाठीवर चढून, पाय बसायच्या जागेवर ठेवून बसले. फोनमध्ये गिऱ्हाईक "हॅलो, हॅलो" करून राहिलं होतं. हातातला चहा पार गार झाला.

दुसऱ्या दिवशी भाऊ लोखंडी सब्बल घेऊन हजर! सगळे बाक स्वतःच्या खर्चाने उखडून फिरवले. एक सोडून.

"हा काहून ठेवला?"

"एक तं माणसांसाठी राहू द्या ना ताई!"

* * *

नागपूरहून पोरापोरींचा एक ग्रूप आला. हातात काठ्या, पायात असे बूट की एका जोडीत माझ्या दुकानाचं भाडं निघावं. टपरीवर पोहे खाताना एकीने विचारलं, "काकू, वर काय आहे?"

शोभावहिनी तर्री वाढता वाढता म्हणाल्या, "काही नाई."

"काहीच नाही? मंदिर, गार्डन, सेल्फी पॉइंट?"

"काही नाई म्हटलं ना. जाऊन पाहा."

मी वहिनींना कोपर मारलं. म्हटलं, अशाने कोण येईल? जाहिरात करा थोडी! त्या म्हणाल्या, "तुम्ही करता तेवढी पुरते."

ती पोरं सकाळी गेली ती जेवणाची वेळ टळून गेली तरी परतेनात. मी घाबरले. शेवटी उतरली, पण गोंगाट नाही, गाणी नाहीत. त्या पोरीने गुपचूप पाण्याचा ग्लास घेतला आणि म्हणाली, "काकू, खरंच वर काही नाही."

"सांगतलं होतं."

"आम्ही पुढच्या रविवारी पण येऊ का?"

* * *

आणि नेमकं लोक यायला लागले तेव्हाच रस्त्याचं निघालं. नगर परिषदेच्या अध्यक्षसाहेबांच्या मनात आलं, की पहाडीवर थेट मोटार गेली पाहिजे. रस्ता कापायचा म्हणजे उगवतीकडचा सगळा उतार, त्यावरची मोहाची झाडं, तेंदू, आमची पायवाट, सगळं जाणार. आम्ही धावत गेलो. मी इतकं बोलले, इतकं बोलले, की साहेबांनी पंखा वाढवला.

तरी त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. "तुम्ही चढता. म्हाताऱ्या माणसांनी काय करावं? माझ्या आईनं जलमभर दारातून पहाडी पाहिली, वर कधी गेली नाई. तिनं पाहूच नये का?"

हेमराजभाऊ हळूच म्हणाले, "साहेब, रस्ता झाला तं ठेका मलेच भेटन कदाचित. तरी नको म्हणतो."

साहेबांनी खिडकीतून पहाडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "ठीक आहे. आई पायी चढली तं रस्ता रद्द."

साहेबांच्या आईला, म्हणजे मावशींना, पाहिलेलं नव्हतं, तोवर मला हे सोपं वाटलं होतं! गुडघे धरलेले, अंग भारी, आणि स्वभाव असा की कोणी "चला" म्हटलं की बसायचं. ठरल्या दिवशी जेसीबी पायथ्याशी येऊन उभाच होता. साहेब टपरीवर खुर्ची टाकून बसले. मी मावशींचा हात धरला.

प्रत्येक बाकावर बसलो. प्रत्येक दगडाला हात जोडले. माझं तोंड एकसारखं सुरू, की आता थोडंच राहिलं, ते पाहा पाखरू, तो पाहा मोह. अर्ध्यावर मावशी म्हणाल्या, "तू चढून राहिली का बोलून राहिली?"

दुपार होत आली तेव्हा आम्ही वर पोचलो. मावशी टोकाच्या दगडावर बसल्या. खाली तलावांमागे तलाव, हायवेवरचे ट्रक मुंग्यांएवढे, आणि पार तिकडे, धुरकट, त्यांचं माहेर सानगडी. त्यांनी पदर सारखा केला, जसं कोणी मोठं माणूस समोर यावं. आणि पाहत राहिल्या. मी जन्मात पहिल्यांदा आपणहून गप्प बसले.

किती वेळ गेला कोण जाणे. माझा फोन वाजला. साहेब खालून ओरडत होते, "पोचली का आई? काय म्हणते? रस्ता करू का नको, विचारा तिले!"

मी भीत भीत विचारलं, "मावशी, साहेबांना काय सांगू?"

त्यांनी मान वळवली नाही.

"सांग, आई आता खाली येत नाई म्हणते. जेवण घिऊन ये म्हणावं. पायी."