प्रकाशने बसवलेला कॅमेरा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही प्रकाशला ओळखत नाही — ओळखत असता, तर त्याचीच बाजू घेतली असती. सगळे घेतात.

आम्ही दोघं जबलपूरच्या आसपासच्या खडीच्या क्रशरांवर, खाणींवर जाऊन लोडर-डंपरना कॅमेरे बसवायचो. आता मी एकटाच बसवतो. लोडर मागे घेताना ऑपरेटरला पाठीमागचं काही दिसत नाही. म्हणून मागे कॅमेरा आणि केबिनमध्ये छोटा स्क्रीन. हे काम प्रकाशला मीच शिकवलं. अधारतालला आमच्याच गल्लीत राहायचा, रिकामा होता, मीच बोलावून घेतलं. आणि दोन वर्षांत काय झालं? क्रशरवरून फोन यायचा — "प्रकाश भैया को ही भेजना."

तेही मी गिळलं असतं. पण बाबा — आयुष्यभर कारखान्यात फिटर म्हणून राबलेले, कौतुकाच्या बाबतीत महाकंजूष. प्रकाशनं एकदा आमच्या स्कूटरची वायरिंग नीट केली, तर ती बोटांनी चाचपत म्हणाले, "हात पाहा याचा. याले म्हणतात काम." मी तिथेच उभा होतो. चाळिशीचा बाप्या मी, आणि पोटात नुसती आग! माझ्या हाताबद्दल ते कधी काही बोलले होते का? मी कितीदा तरी आठवून पाहिलं.

त्याच आठवड्यात आम्ही पाटन रस्त्यावरच्या एका क्रशरवर गेलो. मागच्या कॅमेऱ्याचं चित्र आरशासारखं उलटवून ठेवावं लागतं, तरच डावीकडचा माणूस स्क्रीनवरही डावीकडे दिसतो. आमची पद्धत ठरलेली — एकानं लोडरच्या मागे आधी डावीकडे, मग उजवीकडे उभं राहायचं, दुसऱ्यानं केबिनमधून ओरडून सांगायचं. प्रकाश उभा राहिला, मी ओरडलो. सगळं बरोबर होतं. मग तो वर आला, मेनू उघडून स्क्रीनचा उजेड थोडा वाढवला आणि कागदावर सही घ्यायला ऑफिसात गेला.

मी केबिनमध्ये एकटा. चित्र उलटवायला मेनूचं तेच बटण तीनदा दाबावं लागतं — म्हणजे माझं बोट चुकून लागलं म्हणायचीही सोय नाही. तीनदा दाबलं. चित्र उलटं झालं. काय हवं होतं मला? ऑपरेटर हसेल, मालक प्रकाशला झापेल, बाबांच्या कानावर जाईल — एवढंच, असं मी स्वतःला सांगितलं. पण लोडरच्या मागे माणसं असतात, हे मला माहीत नव्हतं? मला नाही, तर कोणाला माहीत असणार होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी लोडर मागे येत होता. मागे डावीकडे रामदीन चाचा उभे होते — गाड्यांना हात दाखवायचं काम त्यांचं. स्क्रीनवर ते उजवीकडे दिसले. त्यांना वाचवायला म्हणून ऑपरेटरनं लोडरचा मागचा भाग डावीकडे वळवला. चाचांचा पाय चाकाखाली आला. गुडघ्याखाली कापावा लागला.

मालकानं सगळ्यांसमोर मला विचारलं. मी म्हणालो, तपासलं तेव्हा बरोबर होतं, पण नंतर प्रकाशनं मेनू पुन्हा उघडला होता. त्यात एक अक्षरही खोटं नाही — किती हुशारीनं रचलं होतं, पाहा! प्रकाश हळूच म्हणाला, "दादा, तू सांगून राहिला म्हणजे बोट माझंच लागलं असन."

माझ्या शब्दावर त्यानं स्वतःवरचा विश्वास सोडला. कामही सोडलं. आता मदन महलला मोबाईलची कव्हरं विकतो. घरातला पंखा बिघडला तरी दुसऱ्याला बोलावतो. बाबा विचारतात, काहून सोडलं रे त्यानं? मी म्हणतो, माहीत नाही.

दर दिवाळीला तो चाचांकडे जातो. यंदा मला सोबत घेऊन गेला. चाचांनी त्याचे दोन्ही हात धरले. "भूल हो गई थी बेटा, हमने कब का माफ कर दिया." प्रकाश ढसाढसा रडला. आणि मी? मी दारापाशी उभा राहून जळत होतो. तेव्हाही! माझ्या गुन्ह्याची माफीसुद्धा त्यालाच मिळाली होती.

बोलायचं होतं तर तेव्हाच बोलायचं होतं. चाचीनं लाडू पुढे केला. मी तो घेतला, खाल्ला आणि छान झालाय म्हणालो.