इसब आणि पाहुणे

कोपराच्या आणि गुडघ्यामागच्या घडीत मला लहानपणापासून इसब होतं. तंजावूरच्या उकाड्यात ते असं चेकाळायचं, की वर्गात मी बाकाच्या कडेवर हात घासत बसायची. शेजारणी त्याला 'सिरंगु', म्हणजे खरूज म्हणायच्या आणि आपल्या मुलींना माझ्यापासून लांब बसवायच्या. आईने वांगं बंद केलं, कडुलिंबाचा लेप लावला, मुगाच्या पिठाने खसाखसा घासून आंघोळ घातली. त्या आंघोळीनंतर तर मी खाजेने घरभर नाचायची!

मी अठराची झाले, तेव्हा अप्पांनी मला सरकारी इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हात उलटसुलट करून पाहिला.

"मुगाचं पीठ आजपासून बंद. कोमट पाण्याने झटपट आंघोळ, आणि अंग ओलसर असतानाच हे मलम लाव. नखं काप. खाज सुटली की खाजवायचं नाही, ओलं फडकं ठेवायचं." मग अप्पांकडे वळून म्हणाल्या, "पूर्ण जाईल असं नाही. पण हे कुणाला लागत नाही, कळलं?"

ओलं फडकं! दहा वर्षांत हे कुणालाच सुचलं नव्हतं. महिन्याभरात मी रात्रभर झोपू लागले.

त्याच उन्हाळ्यात तिरुवैयारूहून मला बघायला पाहुणे आले. आईने मला रेशमी साडी आणि मनगटापर्यंतच्या बाह्यांचा ब्लाउज घातला. कॉफी देतादेता बाहीवरची जर कोपराच्या घडीत टोचू लागली. मी सोसलं, सोसलं, आणि मग सगळ्यांदेखत कराकरा खाजवलं.

"काय झालं?" मुलाच्या आईने विचारलं.

आई म्हणाली, "डास."

"डास नाही, इसब आहे," मी म्हणाले. "लागत नाही कुणाला. थांबा हं." आत जाऊन फडकं भिजवून आणलं, बाही वर सारली आणि फडकं कोपरावर ठेवून त्यांच्यासमोर बसले. इतकं गार वाटलं, की मला हसूच आलं.

आठवड्याने नकाराचं पत्र आलं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बाजारातून मऊ सुती कापड घेऊन आली आणि शिवणयंत्रापाशी बसत म्हणाली, "ये इकडे. बाही कोपराच्या किती वर हवी, सांग."