पट्टा बांधलेल्या भाकऱ्या

दुबईला जायला पैसे किती लागतात, हे कुठलाही एजंट सांगेल. आम्हाला खरा खर्च आला तो असा: कडक भाकऱ्यांची एक चळत आणि माझ्या टकलावर एक टेंगूळ.

जाणं ठरलं लेकीमुळे. दुबईतल्या पल्लवीला सातवा महिना, तिथलं काही गोड लागेना. कुरिअरनं भाकऱ्या पाठवल्या, तर पोचला चुरा. फोनवर रडवेली होऊन म्हणाली, "आई, अख्खी भाकरी बघायला तरी मिळंल का गं?" झालं. महादेवीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, ज्वारीच्या पातळ भाकऱ्या खडखडीत वाळवल्या आणि आमच्याच मागावरच्या चादरीत गुंडाळून खोक्यात भरल्या.

विमान हैदराबादहून. म्हणजे आधी गाडीनं पूर्वेला जायचं आणि मग आकाशातून परत पश्चिमेला. जाणाऱ्यांनी पहाटे निघावं, उमरग्याला इडली खाऊन घ्यावी. विमानतळावरच्या चहाच्या किमतीत आमच्या शुक्रवार पेठेत अख्ख्या घराचा नाष्टा होतो.

उड्डाणानंतर सीटचा पट्टा लावायची दिव्याची खूण विझली. महादेवीनं वरच्या कप्प्यातलं खोकं उतरवून आमच्या मधल्या रिकाम्या सीटवर ठेवलं आणि त्याला पट्टा लावला.

"अवं, तुमीबी लावा की."

"मोपेडवर टॉवेलचे गठ्ठे घालून टेंभुर्णीपर्यंत धंदा केलाय मी. बसल्या जागेवरनं मला हलवणारा धक्का अजून जन्माला यायचाय."

खाली समुद्र, बाहेर लख्ख ऊन, ढगाचा ठिपका नाही. अचानक विमान एका अंगावर कललं आणि खाली बसलं. मी मात्र वरच राहिलो. डोकं कप्प्याला आपटलं आणि उतरलो तो थेट खोक्यावर. कडकड आवाज झाला. तो माझ्या हाडांचा असावा, अशी मला फार आशा होती.

वैमानिकानं शांतपणे सांगितलं: पुढे थोडं वरून एक मोठं विमान गेलंय. त्याच्या पंखांच्या टोकांपासून सुटलेले हवेचे भोवरे काही मिनिटं टिकतात, हळूहळू खाली उतरतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून बसल्या जागी पट्टा असू द्या.

हे मला नवं नव्हतं. हायवेवर कंटेनर पुढे गेला की मागच्या हवेनं मोपेड डुगडुगते. मोहोळजवळ एकदा मी तसाच चरात गेलो होतो.

"तवाबी," महादेवी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "गठ्ठाच बांधलेला होता."

दुबईत पल्लवीनं खोकं उघडलं, तेव्हा मी हवामानाचा विषय काढून पाहिला. तळाशी एक भाकरी शाबूत निघाली. तिनं ती दोन्ही हातांत धरली, वास घेतला आणि मग स्वतःच मोडून आमटीत कुस्करली. पोटभर जेवली. तोंड पुसत म्हणाली, "बाबा, चुराच करायचा होता तर कुरिअर स्वस्त पडलं असतं की."

आता मी मोटारीच्या मागच्या सीटवरही पट्टा लावतो. पेठेत मात्र माझ्या सांगण्यात ते विमान दर खेपेला थोडं जास्त खाली पडतं. परवा शेजारच्या सिद्रामअण्णांनी विचारलं, "आरारा, मग किती जनांना लागलं?"

महादेवीनं त्यांच्यापुढे चहा ठेवला. "ह्यांना. बाकी समद्यांनी पट्टा लावलेला."