राघोकाकांचा तीन वर्षांचा फ्रिज

समजा, तुम्ही एका टेलिफोनपाशी बसला आहात. समोर वही, हातात पेन. फोन वाजतो आणि पलीकडचा माणूस नाव न सांगताच सुरू होतो. मागच्या रविवारी तुमच्या साप्ताहिकातली जाहिरात वाचून त्याने कल्याणहून एक टेबल फॅन आणला. जाहिरातीत लिहिलं होतं, 'अजिबात आवाज नाही'. आवाज खरंच नाही, कारण पंखा फिरतच नाही. आता तुम्ही विकणाऱ्याला फोन लावा. तो शांतपणे म्हणेल, आवाज नाही एवढंच मी लिहिलं होतं, त्यात खोटं काय? मग पुन्हा घेणाऱ्याला फोन करा, दोन्हीकडच्या शिव्या खा आणि संध्याकाळपर्यंत दोघांना एका शब्दावर आणून दाखवा. जमलं, तर पुढचा फोन घ्या. तो सागवानी पलंगाचा आहे. पलंगाचे पाय सागवानी आहेत. बाकीचा पलंग कशाचा, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नाही.

वासंती केणे हे काम चार वर्षं करत होती.

ती कोपरची, खाडीकडच्या आळीतली. आजा मिठागरावर होता, बाप नगरपालिकेत. केण्यांच्या घरातली दहावीनंतर शिकलेली ती पहिली मुलगी, आणि शिकली तेही काय, तर ठाण्याच्या आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीचा कोर्स. वर्गात तिच्यासकट दोन मुली. त्यातली दुसरी लग्न ठरल्यावर गेली. कोर्स संपल्यावर वासंती दुरुस्तीच्या दुकानांत काम मागायला गेली, तेव्हा एका दुकानदाराने तिला काउंटरवर बसून बिलं फाडशील का म्हणून विचारलं, दुसऱ्याने चहा पाजून परत पाठवलं. शेवटी १९९० साली डोंबिवली पूर्वेला, भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत चालणाऱ्या 'देवघेव' नावाच्या साप्ताहिकात ती लागली. काम एकच, जुन्या वस्तूंच्या जाहिराती फोनवर उतरवून घ्यायच्या.

'देवघेव'चे मालक-संपादक सीताराम लिमये हे उत्साही गृहस्थ. तिसऱ्या की चौथ्या अंकात त्यांनी तळाला एक ओळ छापली, 'वस्तू वर्णनाप्रमाणे नसल्यास आमच्याशी संपर्क साधावा'. ही ओळ छापताना त्यांनी कोणाला विचारलं नाही, आणि संपर्क साधायला लोक येऊ लागले तेव्हा ते बहुतेक वेळा प्रेसवर असायचे. आ बैल मला मार म्हणतात, ते असं. फक्त बैलाला बोलावलं एकाने आणि शिंगं मोजली दुसरीने.

पहिलं वर्ष वासंतीने समजुती घालण्यात घालवलं. तिला हळूहळू कळलं की खोटं बोलणारे थोडे. बाकीचे खरंच बोलतात, पण आपल्याला सोयीचं तेवढंच. मग तिने एक छापील फॉर्म केला: वस्तू, किती वर्षांची, किती हात बदलले, दोष. दोषाच्या रकान्यात लोक आडवी रेघ मारत. एकाने लिहिलं, 'मालक रागीट'. तो फॉर्म तिने भिंतीवर चिकटवून ठेवला होता, वैतागाच्या वेळी बघायला.

दुसऱ्या वर्षी तिने लिमयांना सांगितलं, मी वस्तू बघून येते. पर्समध्ये टेस्टर, स्क्रू-ड्रायव्हर आणि विजेरी घेऊन ती सकाळी घरोघर जायची, मागची पाटी उघडायची, आत वाकून बघायची. जी वस्तू वर्णनाला उतरेल तिच्या जाहिरातीपुढे एक चांदणी छापायची. लोक सुरुवातीला हसले. ठाण्याच्या एका गृहस्थांनी तर दार उघडून 'मेकॅनिक कुठे आहे?' म्हणून तिच्या मागे जिन्यात पाहिलं. पण सहा महिन्यांत चांदणीची वस्तू दोन दिवसांत जायला लागली. तक्रारींचे फोन निम्म्यावर आले. ज्या दुकानदाराने तिला बिलं फाडायला बसवलं असतं, तो आता गिऱ्हाइकांना सांगायचा, आधी चांदणी आहे का बघा. वासंतीची सगळी मिळकत म्हणजे ती चांदणी. पगार काय, लिमये देतील तसा.

आणि मग १९९३च्या दिवाळीनंतर राघोकाकांचा फ्रिज आला.

राघोकाका म्हणजे वासंतीच्या बापाचे चुलतभाऊ. घर तिच्या घरापासून सात घरं पुढे, जवळजवळ खाडीच्या काठावरच. मुलाने नोकरी लागल्यावर दोन दरवाजांचा मोठा फ्रिज घेतला, म्हणून जुना काढायचा होता. काकांनी सांगितलं, तीन वर्षांचा, एकहाती वापरलेला, एकदम झकास. वासंतीला ते ऐकायचीही गरज नव्हती. तो फ्रिज टेम्पोतून उतरला त्या दिवशी बायजाकाकूने त्याला हळदकुंकू लावलं होतं आणि वासंतीनेच नारळ फोडला होता.

तरी नियम म्हणून ती गेली. पर्समध्ये हत्यारं होती. पण घरात पाऊल टाकल्याबरोबर काकूने पाट मांडला, तांदळाच्या भाकऱ्या आणि खाडीतल्या निवट्यांचं कालवण वाढलं. काका समोर बसून तिच्या बापाची चौकशी करत राहिले. फ्रिजवर विणलेला रुमाल, त्यावर मुलाच्या लग्नाचा फोटो. परक्याच्या घरी ती दार उघडल्यापासून पाच मिनिटांत फ्रिज पुढे ओढायची. इथे जेवलेल्या हाताने काकांचा फ्रिज आडवा करून त्याचं बूड तपासायचं, म्हणजे काकांच्या तोंडावर म्हणायचं, तुमचा भरवसा नाही. तिने दार उघडून थंडावा पाहिला, कॉम्प्रेसरचा आवाज ऐकला, दिवा लागतो का ते पाहिलं. चांदणी दिली.

फ्रिज घेतला ठाकुर्लीच्या शालू प्रधान यांनी. बँकेत नोकरी, घरी सासूबाईंना मधुमेह, रोज इन्सुलिन. जुना फ्रिज बंद पडला होता आणि ते औषध शेजाऱ्यांकडे ठेवून महिना झाला होता. त्यांनी फोनवर एकच प्रश्न विचारला होता, चांदणी आहे ना.

अकराव्या दिवशी शालूताई स्वतः ऑफिसात आल्या. आवाज चढवला नाही, हेच वासंतीला जास्त लागलं. सकाळी दुधाची पिशवी काढायला दार ओढलं, तेव्हा फ्रिजचा पुढचा पाय पत्र्यातून आरपार वर गेला. फ्रिज पुढे कलला, आतलं सगळं बाहेर आलं, इन्सुलिनच्या बाटल्या फुटल्या. मेकॅनिकला बोलावलं. त्याने फ्रिज आडवा केला आणि खालून बोट फिरवलं, तर बोटाला डांबर. बुडाचा पत्रा चाळणीसारखा गंजलेला आणि त्यावर डांबराचा जाड थर.

त्या म्हणाल्या, "गंज झाकायला डांबर फासलं, हे मला कळतं. माणसं फसवतात. पण तुम्ही बघून आला होतात ना?"

वासंतीला सगळं एका क्षणात कळलं, आणि ते समोरच्या बाईला कसं सांगावं हे मात्र कळेना. पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणांना खाडीचं पाणी काकांच्या घरात घोटाभर येतं. वर्षातून चार-पाच वेळा, तिथीप्रमाणे. आदल्या दिवशी बायका तांदळाची पिंपं खाटेवर चढवतात, पाणी ओसरलं की घर धुऊन काढतात. कोणी त्याची बातमी करत नाही. आणि खाऱ्या पाण्यात उभी राहणारी वस्तू असेल, तर तिच्या बुडाला डांबर लावायचं. काका आपल्या होडीला दर वर्षी लावत. तेच उरलेलं डांबर त्यांनी फ्रिजला लावलं होतं, इतक्या मायेने की न लावणं त्यांना आळशीपणा वाटला असता.

आणि ती स्वतः? कल्याणच्या माणसाला तिने विचारलं असतं, घरात कधी पाणी शिरलं होतं का. काकांना विचारावं असं तिच्या मनातही आलं नाही, कारण ते पाणी तिच्याही घरात येत होतं.

लिमयांना प्रेसवरून बोलावून आणलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि त्यांचा चेहरा खुलला. त्यांच्या मते मार्ग सरळ होता. टेम्पोवाल्याने उतरवताना आपटला, त्यामुळे पाय आत गेला, असं छापायचं. टेम्पोवाला पेपर वाचत नाही, काका सुटतील, चांदणी सुटेल, बाईंना दुसरा फ्रिज स्वस्तात मिळवून देऊ. चार वर्षं वासंती दुसऱ्यांची हीच वाक्यं कापत बसली होती.

"सर, ते खोटं आहे," ती म्हणाली.

"अगं, मग काय काकांना चोर ठरवणार आहेस?"

वासंतीने पर्स उचलली. ती काकांकडे गेली.

राघोकाका ओट्यावर जाळं शिवत बसले होते. तिने सांगितलं तेव्हा आधी त्यांना बाटल्या फुटल्याचंच वाईट वाटलं. त्या म्हातारीचं काय झालं, औषध मिळालं का, हे दोनदा विचारलं. मग डांबराची गोष्ट निघाली. लोक म्हणतात गंज झाकला, एवढं वाक्य वासंतीने कसंबसं पुरं केलं. काकांनी सुई खाली ठेवली.

"काय गो पोरी, मी खोटा बोललो का? तीन वर्सांचा हाय, तर तीनच सांगीन ना? डांबर लावला तो टिकाला म्हनून लावला. लपवाचा असता तर रंग नसता मारला?"

"काका, उधाणाचं पाणी..."

"पानी येतं नि जातं. तुझे घरान नाय येत? तू कवा सांगितलास कोनाला?"

बायजाकाकू आतून म्हणाली, जेवून जा. वासंती त्या दिवशी जेवली नाही, आणि आळीत ही गोष्ट फ्रिजच्या गोष्टीपेक्षा लवकर पसरली.

काकांनी दुसऱ्याच दिवशी स्वतः टेम्पो केला, ठाकुर्लीला गेले, शालूताईंना सगळे पैसे परत दिले आणि फ्रिज घरी आणला. जाताना टोपलीभर बोंबील नेले होते. शालूताईंनी ते घेतले आणि आनंदाने तळले, हे त्यांनीच नंतर सांगितलं. फ्रिजपुरतं भांडण तिथे मिटलं. पण त्यांचं एक म्हणणं होतं आणि त्यावरून त्या हलल्या नाहीत. चांदणी चुकली, हे छापून आलं पाहिजे. नाहीतर पुढच्या वेळी त्यांनी, किंवा त्यांच्यासारख्या कोणी, कशावर विसंबायचं?

वासंतीने मजकूर सात वेळा लिहिला. चौथ्या वेळी त्यात खाडी होती, पाचव्या वेळी नव्हती. 'विक्रेत्याने' असा शब्द आला की काका दिसायचे, आणि तो गाळला की वाक्य त्या टेबल फॅनच्या जाहिरातीसारखं व्हायचं. शेवटी छापलं ते असं: 'मागील एका अंकातील फ्रिजला चांदणी देण्यात चूक झाली. फ्रिज खाऱ्या पाण्यात उभा राहिलेला होता. विकणाऱ्याने काही लपवले नव्हते, तपासणाऱ्याने विचारले नाही. वासंती केणे.' लिमयांनी कपाळाला हात लावला, पण ओळ काढली नाही. आणि फॉर्मवर तिने एक रकाना वाढवला, 'घर खाडीपासून किती अंतरावर?' त्याचं उत्तर जाहिरातीतही छापायचं.

त्या रकान्याने तिला फ्रिजपेक्षा जास्त छळलं. खाडीपासून दूर, पूर्वेकडचे लोक तो वाचून हसत. कोपर, मोठागाव, देवीचा पाडा या खाडीकाठच्या वस्त्यांतून फॉर्म येईनासे झाले. गावातल्या हौसाबाईने तिला बाजारात सगळ्यांसमोर विचारलं, खाडीवर घर असणं हा काय आता दोष झाला? आमचा टीव्ही, आमची शिलाई मशीन अर्ध्या किमतीत मागतात, ते तुझ्यामुळे. वासंती तिला समजावत होती की पत्रा गंजतो, त्याला माणसाची जात किंवा गाव कळत नाही. बोलता बोलता तिला स्वतःचाच राग आला, कारण हौसाबाईही चूक नव्हती. तिची मशीन खरंच चांगली होती. वासंतीने ती उघडून पाहिली, तेल घातलं, चांदणी दिली, तरी गिऱ्हाईक रकाना वाचून परत गेलं.

चांदणी मात्र वाचली. माफी छापल्यावर ठाण्याहून, घोडबंदर रोडच्या नव्या इमारतींतूनही फोन यायला लागले. जी बाई आपली चूक छापते, ती आमचा टीव्ही नीट बघेल, असं एका गृहस्थांनी सांगितलं. लिमयांनी तिचा पगार वाढवला आणि ही आपलीच कल्पना होती असं प्रेसवर सांगितलं.

काका बोलायला लागले, पण फ्रिज विकला नाही. त्याचं दार काढून त्यात जाळी ठेवतात. गणपतीत वासंती गेली तेव्हा त्यांनी तिला ओट्यावर बसवून शांतपणे विचारलं, तू शिकलेली हायेस, तर सांग, मी काय लिवाचा होता? तीन वर्सां खोटी नाय. दहा लिवली तर ती खोटी.

तिने उत्तर शोधायला घेतलं. आयटीआयच्या जुन्या सरांना विचारलं. ते म्हणाले, पत्र्यावर अवलंबून आहे. फ्रिज बनवणाऱ्या कंपनीला इंग्रजीत पत्र लिहिलं, उत्तर म्हणून विक्रेत्यांची यादी आणि एक कॅलेंडर आलं. मग तिने कोऱ्या पत्र्याचे चार तुकडे कापले. दोन काकांच्या मागच्या दाराशी टांगले, दोन शालूताईंच्या बाल्कनीत, आणि दर महिन्याला ती त्यांचा गंज वहीत लिहून ठेवते. काका त्यातल्या एका तुकड्याला डांबर लावू का म्हणून विचारतात. तिने अजून हो म्हटलेलं नाही.

वहीची पाच पानं भरली आहेत. फॉर्म भरून घेताना ती 'किती वर्षांची' या रकान्याशी येते आणि पेन थांबतं. खाऱ्या हवेतलं एक वर्ष कोरड्या हवेतल्या किती वर्षांइतकं धरायचं, आणि ते ज्याच्या घरात गेलं त्याला खोटं न पाडता जाहिरातीत कसं लिहायचं?